पदार्थाची साक्ष : उष्णता आणि प्रकाश ओळखणारी बहुवारिके

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन शहरांचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास हा बऱ्याच अंशी पदार्थांचा इतिहास आहे. १९२० च्या दशकात अंबरनाथला विमको कंपनीचा काड्यापेट्यांचा कारखाना उभा राहिला. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासितांची वस्ती झाली आणि १९४९ मध्ये तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. शहाडला सेंच्युरी रेयॉनमध्ये लाकडाच्या लगद्यापासून चमकदार धागा निघू लागला. पुढे अंबरनाथ आणि बदलापूर येथे एमआयडीसीची क्षेत्रे झाली, बारवी धरणाचे पाणी त्यांना मिळाले आणि रंग, औषधे, रसायने यांचे कारखाने आले. या शाळेत शिकलेल्या कितीतरी मुलांचे आजोबा, वडील आणि आता भाऊ-बहिणी याच कारखान्यांत पाळ्या करत आले आहेत.

पदार्थ आपल्या हातून गेले. त्यांचे ज्ञान मात्र बहुतेक वेळा दुसरीकडे राहिले. ड्रम उचलणाऱ्याला ड्रममध्ये काय आहे हे ठाऊक नसायचे. नळीतून वाहणारा द्रव किती तापला आहे हे काचेपलीकडच्या खोलीतला साहेब सांगेल तेव्हा कळायचे. म्हणूनच या स्मरणिकेत आम्ही अशा एका पदार्थवर्गाची ओळख करून देत आहोत, जो आपली अवस्था स्वतः सांगतो. तापला की रंग बदलतो, विशिष्ट प्रकाश पडला की उजळतो, थंड झाला की काही वेळा पूर्ववत होतो. वैज्ञानिक भाषेत त्यांना उष्णता व प्रकाश यांना प्रतिसाद देणारी, प्रतिदीप्त बहुवारिकांची नॅनो-संमिश्रे म्हणतात. नाव लांबलचक आहे, पण त्यातील एकेक शब्द सुटा केला तर अवघड असे काही उरत नाही.

इतिहासाच्या शिक्षकांनी रसायनशास्त्रावर का लिहावे, असा प्रश्न कोणी विचारील. इतिहासाचा सारा व्यवहार पुराव्यावर चालतो. नाणे, ताम्रपट, खापराचा तुकडा हे मूक असतात आणि योग्य वाचक भेटला की साक्ष देतात. येथेही प्रश्न साक्षीचाच आहे.

बहुवारिक आणि संमिश्र

पहिला शब्द बहुवारिक. एकाच प्रकारचे लहान रेणू, म्हणजे एकवारिके, साखळीच्या कड्यांसारखे हजारोंनी जोडले गेले की बहुवारिक तयार होते. प्लॅस्टिकची पिशवी, रबर, नायलॉन ही बहुवारिके आहेत. कापूस आणि लाकूड यांतील सेल्युलोज हेही निसर्गाने घडवलेले बहुवारिकच आहे. शहाडचा रेयॉन म्हणजे हेच सेल्युलोज विरघळवून पुन्हा धाग्याच्या रूपात आणलेले. अशा पदार्थांत खरोखरच प्रचंड लांबीचे रेणू असतात, हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ हर्मान स्टाउडिंगर यांनी १९२० मध्ये मांडले. अनेक वर्षे त्यांना विरोध झाला. १९५३ मध्ये त्यांना त्याच कार्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले.

दुसरा शब्द संमिश्र. मातीच्या भिंतीत गवताचा तूस मिसळतात, काँक्रीटमध्ये लोखंडी सळ्या घालतात; एकाने दुसऱ्याची उणीव भरून काढायची ही जुनी युक्ती आहे. मिसळलेले कण अतिसूक्ष्म असले की त्याला नॅनो-संमिश्र म्हणतात. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. माणसाच्या केसाची जाडी साधारण ऐंशी हजार नॅनोमीटर भरते. एवढ्या लहान आकारात कणाच्या एकूण अणूंपैकी पुष्कळसे अणू पृष्ठभागावरच येतात आणि म्हणून थोडेसे कण घातले तरी सबंध पदार्थाचा स्वभाव पालटतो.

हे सारे दूरच्या प्रयोगशाळेतले आहे असे समजू नये. रिक्षाच्या टायरमधले काळे काजळ म्हणजे रबरात मिसळलेले कार्बनचे अतिसूक्ष्म कण. त्यांच्यावाचून टायर चार दिवसही टिकणार नाही. दाताच्या दवाखान्यात किडलेल्या दातात पांढरा लगदा भरून त्यावर निळ्या प्रकाशाची कांडी धरतात. त्या लगद्यात एकवारिके आणि काचेचे वा सिलिकाचे सूक्ष्म कण असतात. निळा प्रकाश पडताच एकवारिके परस्परांशी जोडली जातात आणि काही सेकंदांत लगदा दगडासारखा घट्ट होतो. खरा दात अतिनील प्रकाशात किंचित निळसर पांढरा उजळतो, म्हणून कित्येक भरावांत उजळणारे द्रव्यही घातलेले असते. प्रकाशाला प्रतिसाद देणारे, उजळणारे बहुवारिक संमिश्र आपल्यापैकी अनेकांच्या तोंडातच आहे.

प्रतिदीप्ती म्हणजे काय

तिसरा शब्द प्रतिदीप्ती. काही पदार्थ डोळ्यांना न दिसणारा अतिनील प्रकाश शोषून घेतात आणि दिसणारा प्रकाश बाहेर टाकतात. प्रकाश शोषला की रेणूतील इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जापातळीवर जातो. तेथे तो क्षणाचा अत्यल्प अंशच थांबतो, थोडी ऊर्जा रेणूच्या कंपनात खर्च करतो आणि उरलेली ऊर्जा प्रकाशरूपाने सोडून खाली येतो. थोडी ऊर्जा वाटेत खर्च झालेली असल्यामुळे बाहेर पडणारा प्रकाश कमी ऊर्जेचा, म्हणजे अधिक तरंगलांबीचा असतो. अतिनील आत गेला, निळा किंवा हिरवा बाहेर आला. जॉर्ज स्टोक्स यांनी १८५२ मध्ये या घटनेचा नीट अभ्यास केला आणि फ्लोरस्पार या खनिजावरून तिला इंग्रजी नाव दिले. हिवतापावरचे क्विनाईनही असेच उजळते.

ही घटना आपल्या बाजारपेठेत रोज वापरली जाते. उल्हासनगरच्या कापड दुकानांतील गल्ल्याजवळ जांभळ्या दिव्याचे नोटा तपासण्याचे छोटे यंत्र असते. नाशिकरोडच्या छापखान्यात १९२८ पासून नोटा छापल्या जात आहेत. महात्मा गांधी मालिकेतील नोटांवरचे क्रमांक प्रतिदीप्त शाईत असतात आणि कागदात उजळणारे बारीक तंतू विखुरलेले असतात. नोटेचा मूळ कागद मात्र त्या दिव्याखाली निस्तेज राहतो. साध्या पांढऱ्या कागदात शुभ्रतेसाठी उजळणारी द्रव्ये घातलेली असतात, त्यामुळे अशा कागदावर छापलेली बनावट नोट सगळीच निळसर चमकते. धुण्याच्या पावडरीतही हीच द्रव्ये असतात. वडीलधाऱ्यांना टिनोपाल आठवत असेल. कपडे त्याने अधिक स्वच्छ होत नसत, अतिनील प्रकाशाचे निळ्यात रूपांतर होऊन पिवळेपणा झाकला जाई.

उष्णता आणि प्रकाश कसे ओळखले जातात

आता मुख्य मुद्दा. उजळणारा रेणू तापवला की त्याची कंपने वाढतात, शेजाऱ्यांशी टकरा वाढतात आणि शोषलेली ऊर्जा प्रकाशाऐवजी उष्णतेच्या रूपाने निघून जाते. म्हणून बहुतेक प्रतिदीप्त पदार्थ तापल्यावर मंद होतात. किती मंद झाला यावरून तापमान काढता येते. पण दिवा जुना झाला किंवा धूळ बसली तरी उजेड कमीच दिसणार. म्हणून उजेड किती यापेक्षा दिवा बंद केल्यावर तो किती वेळात मावळतो हे मोजणे अधिक विश्वासाचे ठरते. विजेच्या मोठ्या ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळ्यांत धातूच्या तारांचा तापमापक घालणे धोक्याचे असते. तेथे काचतंतूच्या टोकाला उजळणारा पदार्थ लावून याच पद्धतीने आतले तापमान बाहेर बसून वाचतात.

बहुवारिकाची साखळी या कामात विशेष मदत करते. एन-आयसोप्रोपिल अॅक्रिलामाइड या एकवारिकापासून होणारे बहुवारिक थंड पाण्यात मोकळे पसरलेले असते. सुमारे ३२ अंश सेल्सिअसला ते पाणी बाहेर टाकून स्वतःभोवती गोळा होते. पाण्यात मंद आणि कोरड्या जागी तेजस्वी होणारा रंगरेणू या साखळीला जोडला, तर तापमान वाढताच प्रकाश मंद होण्याऐवजी वाढतो. अशा बहुवारिकांच्या साहाय्याने शास्त्रज्ञांनी जिवंत पेशीच्या आतले तापमान मोजण्यापर्यंत मजल मारली आहे.

प्रकाशाला प्रतिसाद देणाऱ्यांत स्पायरोपायरन हे द्रव्य प्रसिद्ध आहे. अतिनील प्रकाश पडला की त्याच्या रेणूतील एक बंध सुटतो, रेणू उलगडतो, रंगीत आणि उजळणारा होतो. साधा प्रकाश किंवा ऊब मिळाली की तो पुन्हा मिटतो. पारदर्शक बहुवारिकाच्या पातळ पापुद्र्यात तो मिसळला की त्या पापुद्र्यावर प्रकाशाने लिहिता येते आणि प्रकाशानेच पुसता येते.

राहिले नॅनोकण. कॅडमियम सेलेनाइड या एकाच पदार्थाचे दोन नॅनोमीटरच्या आसपासचे कण निळे उजळतात आणि सहा नॅनोमीटरच्या आसपासचे लाल. पदार्थ तोच, आकार वेगळा, रंग वेगळा. या पुंजबिंदूंच्या शोधासाठी आणि निर्मितीसाठी माउंगी बावेंडी, लुई ब्रुस आणि अलेक्सी एकिमोव्ह यांना २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. हे कण सुटे ठेवले तर एकमेकांना चिकटतात आणि पुष्कळदा त्यांचे तेज जाते. बहुवारिक त्यांना अंतरा-अंतरावर धरून ठेवते, हवा-पाण्यापासून जपते आणि त्यांना पापुद्रा, धागा किंवा रंगलेप यांचे रूप देते. २००१ मध्ये हाँगकाँगमधील बेन झोंग तांग यांच्या गटाने उलट स्वभावाचे रेणू दाखवले. ते सुटे असताना मंद असतात आणि गोळा झाले की उजळतात. जो दोष समजला जात होता, तोच गुण म्हणून वापरता येऊ लागला.

लसीच्या कुपीवरचा चौकोन

या विज्ञानाचे सामाजिक मोल ज्याच्यावरून आम्हांला सर्वांत स्पष्ट दिसते, ते उदाहरण अगदी साधे आहे. पोलिओच्या लसीच्या कुपीवर एक गडद वर्तुळ आणि त्यात फिकट चौकोन असतो. चौकोनातील द्रव्यात डायअॅसिटिलीन वर्गातील एकवारिके असतात. उष्णता लागेल तशी ती जोडली जाऊन बहुवारिक बनत जाते आणि चौकोन गडद होत जातो. चौकोन वर्तुळाइतका किंवा त्याहून गडद झाला की लस वापरायची नाही. या बदलाला परतीची वाट नाही, म्हणून कुपी पुन्हा बर्फात ठेवून कोणी चूक लपवू शकत नाही. १९९६ पासून तोंडावाटे देण्याच्या पोलिओ लसीवर ही खूण येऊ लागली. पुढे भारतात जानेवारी २०११ नंतर जंगली विषाणूचा पोलिओ आढळला नाही आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. त्या यशामागे असंख्य हात होते; हा चौकोन त्यांतील अनेक हातांच्या बोटांखाली होता.

यात महत्त्वाचे काय घडले ते पाहावे. लस वाटेत तापली का, या प्रश्नाचे उत्तर पूर्वी गोदामाच्या नोंदवहीत आणि अधिकाऱ्याच्या शब्दात होते. चौकोनामुळे ते आशाताईच्या आणि अंगणवाडी सेविकेच्या तळहातावर आले. बाळाला घेऊन आलेली आईसुद्धा ते पाहू शकते. तपासण्याचा अधिकार पदाकडून डोळ्यांकडे आला. पदार्थ साक्ष देताना समोरच्याची जात, हुद्दा किंवा पगार विचारत नाही.

मात्र साक्षीलाही मर्यादा असते. हा चौकोन फक्त उष्णतेचा हिशेब ठेवतो. लस गोठून खराब झाली असेल तर तो काही सांगत नाही, आणि मुदतीची तारीख वेगळी पाहावीच लागते. साक्षीदाराला जे ठाऊक आहे तेवढेच तो सांगणार. काय विचारायचे हे वाचणाऱ्याला कळले पाहिजे.

आपल्या नद्यांचा प्रश्न

अंबरनाथचे शिलाहारकालीन शिवमंदिर शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० मधील शिलालेखासह वालधुनीच्या काठी उभे आहे. त्याच वालधुनीची आजची दशा सांगण्याची गरज नाही. २०१४ च्या अखेरीस टँकरमधून पात्रात सोडलेल्या रसायनाच्या वाफांनी उल्हासनगरातील शेकडो लोकांना रुग्णालयात जावे लागले. उल्हास आणि वालधुनी यांच्या प्रदूषणाचा प्रश्न राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापर्यंत गेला. कोणी सोडले, कोठून सोडले, हा अशा वेळी पुराव्याचा प्रश्न असतो.

प्रतिदीप्तीने नदीलाही बोलके केल्याचा जुना दाखला आहे. १८७७ मध्ये जर्मनीत डॅन्यूब नदीचे पाणी जमिनीत जिरून कोठे जाते याबद्दल वाद होता. जिरण्याच्या जागी सुमारे दहा किलो फ्लोरेसीन हे द्रव्य ओतण्यात आले. साधारण अडीच दिवसांनी बारा किलोमीटर दूरच्या आख नदीच्या उगमातून हिरवे उजळणारे पाणी आले आणि वाद मिटला. आज गटारांच्या चोरवाटा आणि नळांची गळती शोधण्यासाठी हीच रीत वापरतात. जड धातूचा अंश असलेल्या पाण्यात तेज बदलणारे बहुवारिक पापुद्रे हा जगभर चालू असलेल्या संशोधनाचा विषय आहे.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. तेजस्वी पुंजबिंदूंतील कॅडमियम विषारी आहे. जपानमध्ये जिंत्सू नदीच्या खोऱ्यात खाणीचे कॅडमियम पाण्यातून भातात आणि भातातून माणसांत गेले. हाडे ठिसूळ करणारा ‘इताई-इताई’ रोग त्यातून झाला आणि १९६८ मध्ये तेथील सरकारने तो प्रदूषणजन्य म्हणून मान्य केला. म्हणून २००४ मध्ये हाती लागलेल्या कार्बनच्या बिंदूंकडे शास्त्रज्ञ आशेने पाहतात. ते साखर किंवा लिंबाच्या रसापासूनही बनवता येतात. चमकणारा पदार्थ कोठे बनणार, कोण बनवणार आणि त्याचे सांडपाणी कोणाच्या दारावरून जाणार, हे प्रश्न आपल्या भागाने पहिल्या दिवशीच विचारले पाहिजेत.

हळदीचा धडा

विद्यार्थ्यांनी घरी एक प्रयोग करावा. चमचाभर हळद थोड्या स्पिरिटमध्ये ढवळावी आणि वरचा पिवळा द्रव निवळू द्यावा. स्पिरिट पेट घेते, म्हणून जवळ शेगडी किंवा निरांजन नसावे आणि मोठे माणूस सोबत असावे. नोटा तपासण्याच्या जांभळ्या बॅटरीखाली तो द्रव हिरवट पिवळा उजळतो. बॅटरीच्या झोताकडे सरळ पाहू नये. तोच द्रव थोड्या फेव्हिकॉलमध्ये कालवून काचेवर पातळ थर द्यावा. फेव्हिकॉल हे बहुवारिक आहे, तेव्हा वाळलेला थर म्हणजे घरी केलेला प्रतिदीप्त बहुवारिक पापुद्रा. त्यावर नाणे ठेवून काही दिवस कडक उन्हात ठेवावा. उघडा भाग फिका पडतो आणि नाण्याखालचा पिवळा राहतो. कपड्यावरचा हळदीचा डाग उन्हाने उडतो हे आपल्या आयांना ठाऊकच होते. किती ऊन लागले याची नोंद पापुद्र्याने ठेवली, एवढाच त्या अनुभवाला दिलेला नवा अर्थ आहे.

ज्यांना पुढे जायचे आहे त्यांच्यासाठी वाटा जवळ आहेत. अंबरनाथलाच संरक्षण संशोधन संस्थेची नौदल सामग्री संशोधन प्रयोगशाळा आहे. पाणबुड्यांसाठीची इंधनघट प्रणाली तेथे विकसित झाली. १९३३ मध्ये सुरू झालेली रासायनिक तंत्रज्ञान संस्था याच मध्य रेल्वेच्या मार्गावर माटुंग्याला आहे. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० पासून काम करते आणि बहुवारिके हा तिच्या अभ्यासाचा मोठा विषय आहे. आयटीआयमधून केमिकल प्लांट ऑपरेटर झालेल्या मुलालाही तेथवर जाता येते, हे आम्ही वर्गात वारंवार सांगतो.

१८८२ मध्ये आपल्या शेजारच्या सोपाऱ्याला भगवानलाल इंद्रजी यांना सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. तो त्यांना वाचता आला, कारण ब्राह्मी लिपीचे कोडे १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेप यांनी सोडवले होते. त्याआधीची कित्येक शतके असे दगड आपले म्हणणे घेऊन जागच्या जागी पडून होते. साक्ष होती, वाचक नव्हता. नव्या पदार्थांच्या बाबतीत ही पाळी आपल्यावर येऊ नये.

माजी विद्यार्थ्यांना आमची एक विनंती आहे. आपल्यापैकी अनेक जण रंगांच्या, औषधांच्या, धाग्यांच्या कारखान्यांत रिअॅक्टरपाशी उभे आहेत, काही प्रयोगशाळांत आहेत. वर्षातून एक दुपार शाळेला द्या. ड्रमवरच्या चिन्हाचा अर्थ काय, कोणता रंग दिसला की मागे सरायचे, तापमान चढते तेव्हा आत काय होते, हे मुलांना सांगा. पालकांनी पुढच्या वेळी लसीकरणाला जाताना कुपीवरचा चौकोन मुलीला दाखवावा आणि तिलाच विचारावे, ही लस चालेल का? तिने पाहून दिलेले उत्तर हा तिचा विज्ञानाचा पहिला निवाडा असेल.